निमरूदच्या कोरीव शिळा : मुंबईच्या बंदरातून गेलेला इतिहास आणि इब्रतीची परंपरा

प्रास्ताविक

खानापूर तालुक्यातील कणकुंबी हे मलप्रभा नदीच्या उगमाचे गाव. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सह्याद्रीच्या माथ्यावर ते वसलेले आहे. या सीमाभागात मराठी, कन्नड, कोकणी आणि उर्दू या भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत. येथील दगडही असेच अनेक लिपींत बोलतात. याच तालुक्यातील हलशी म्हणजे कदंब राजांची पलाशिका. देवळांच्या आवारात, गावाच्या वेशीवर आणि शेताच्या बांधावर वीरगळ उभे असलेले या भागात अनेक ठिकाणी आढळतात. परंतु त्यांच्या शेजारून रोज शाळा-महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याला त्यावर काय कोरले आहे, हे बहुधा सांगता येत नाही. याला कारण म्हणजे दगड वाचण्याचे शिक्षण आपल्या अभ्यासक्रमात जवळजवळ नाहीच.

हे शिक्षण देण्यासाठी संग्रहालयासारखे दुसरे ठिकाण नाही. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हे त्यांपैकी एक होय. पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम ते हेच. त्याची कोनशिला १९०५ मध्ये बसविण्यात आली आणि १० जानेवारी १९२२ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. वास्तुशिल्पी जॉर्ज विटेट यांनी त्याच्या घुमटासाठी विजापूरच्या गोल गुंबजाचा आदर्श समोर ठेवला, ही बाब सीमाभागातील वाचकांना विशेष जवळची वाटावी. या घुमटाखालील संग्रहात इराकमधील निमरूद येथून आलेल्या कोरीव शिळा आहेत. सुमारे २,९०० वर्षांपूर्वीच्या असीरियन राजवाड्याच्या भिंतींवरील अशा शिळा भारतात फार दुर्मीळ आहेत.

या शिळा काय सांगतात, त्या मुंबईत कशा आल्या आणि अशा अवशेषांकडे मुस्लिम विद्वानांनी कोणत्या दृष्टीने पाहिले, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. यांपैकी तिसरा प्रश्न आज केवळ अभ्यासाचा राहिलेला नाही, कारण ज्या राजवाड्यातून अशा शिळा निघाल्या तो राजवाडा २०१५ मध्ये धर्माचे नाव घेऊन सुरुंगाने उडविण्यात आला.

राजवाडा आणि त्याच्या भिंती

निमरूद हे मोसुल शहराच्या आग्नेयेस सुमारे ३० किलोमीटरवर, तैग्रिस (दजला) नदीच्या खोऱ्यात आहे. त्याचे प्राचीन नाव कल्हू. असीरियाचा राजा दुसरा अशुरनासिरपाल (इ.स.पू. ८८३ ते ८५९) याने तेथे आपली राजधानी वसविली. तेथील त्याच्या राजवाड्याला अभ्यासक ‘वायव्य राजवाडा’ म्हणतात. १९५१ मध्ये सापडलेल्या एका शिलालेखात राजधानीच्या उद्घाटनाच्या मेजवानीचा तपशील आहे. ६९,५७४ पाहुण्यांना दहा दिवस जेवू घातल्याचे राजाने त्यात नोंदविले आहे. आकड्यात राजाची बढाई असू शकते. पण राज्याला आपले ऐश्वर्य मोजून लिहून ठेवण्याची सवय होती, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

राजवाड्याच्या मातीच्या विटांच्या भिंतींना खालच्या बाजूस माणसाहून उंच अशा शिळा लावलेल्या होत्या. हा दगड जिप्सम जातीचा, मऊ व करड्या रंगाचा आहे. ‘मोसुलचा संगमरवर’ या नावाने तो ओळखला जातो. प्राचीन इजिप्तमधील बहुतेक कोरीव भिंती चुनखडीच्या किंवा वालुकाश्माच्या आहेत. तेथे उघड्या भिंतींवर आकृती पृष्ठभागाच्या आत खोदून काढीत, म्हणजे उन्हाच्या सावलीत तिच्या कडा ठळक दिसत. असीरियन कारागिरांनी मात्र आकृतीभोवतीचा दगड थोडासा छिलून ती जेमतेम उठावदार केली. मूळ शिळांवर काळा, पांढरा, लाल, निळा असे रंग होते. आज दिसणारा कोरा दगड हे त्यांचे अर्धेच रूप होय.

या शिळांवर वारंवार येणारी आकृती पंख असलेल्या रक्षकाची आहे. कधी त्याला माणसाचे, तर कधी गरुडाचे मस्तक असते. एका हातात लहान बादली आणि दुसऱ्या हातात सुचिपर्णी झाडाच्या फळासारखी वस्तू असते. त्याच्यासमोर पुष्कळदा गुंफलेल्या फांद्यांचे एक वृक्षचिन्ह असते. राजवाड्याचे दरवाजे आणि दालने यांना अनिष्टापासून जपणे हा या आकृतींचा हेतू होता, असे अभ्यासक मानतात. दंडाचे व पोटरीचे स्नायू, दाढीची प्रत्येक बट आणि वस्त्राची झालर इतक्या बारकाईने कोरलेली असते की कारागिराच्या छिन्नीचे कौतुक केल्यावाचून राहवत नाही.

या राजवाड्याच्या बहुतेक शिळांचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे मधोमध आडवा गेलेला कीलाक्षरी लेख. अनेक ठिकाणी तो आकृतीच्या अंगावरूनच गेलेला आहे. राजाची वंशावळ, त्याच्या पदव्या, त्याने जिंकलेले प्रदेश आणि राजवाड्याची उभारणी हा त्याचा विषय. हाच मजकूर थोड्याफार फरकाने शेकडो शिळांवर पुन्हा पुन्हा कोरलेला आहे. म्हणूनच अभ्यासक त्याला ‘प्रमाण लेख’ म्हणतात. प्रत्येक भिंतीने एकच गोष्ट सांगावी, ही सत्तेची इच्छा त्यात स्पष्ट दिसते. जिंकणाऱ्याचे म्हणणे या दगडांवर आहे, जिंकलेल्यांचे नाही. शिळा वाचताना हे भान सुटता कामा नये.

मोसुल ते मुंबई

निमरूदचे उत्खनन ऑस्टेन हेन्री लेयार्ड या इंग्रज गृहस्थाने नोव्हेंबर १८४५ मध्ये सुरू केले. त्या वेळी इराक उस्मानी सल्तनतीच्या अमलाखाली होता. इस्तंबूलमधील ब्रिटिश राजदूताने वजिराकडून मिळविलेल्या पत्राच्या आधारे शिल्पे बाहेर नेण्याची परवानगी मिळाली. खोदकाम करणारे हात स्थानिक अरब आणि ख्रिस्ती मजुरांचे होते. लेयार्डचा मदतनीस होर्मुझ्द रसाम हाही मोसुलचाच रहिवासी.

फेब्रुवारी १८४६ मध्ये मातीतून मानवी चेहऱ्याच्या पंखधारी प्राण्याचे प्रचंड मस्तक वर आले, तेव्हा मजुरांना साक्षात नमरूद बादशाहाच उठून आला असे वाटले. बातमी मोसुलच्या बाजारात पोहोचली. नमरूद कोण होता, त्याच्या अवशेषांना हात लावणे योग्य की अयोग्य, यावर शहरात चर्चा झाली आणि हाकिमाने काही काळ काम थांबविण्याची सूचना केली. हा प्रसंग लेयार्डनेच लिहून ठेवला आहे. इंग्रज लेखकांनी तो बहुधा विनोदाने सांगितला. परंतु त्यातून एक गोष्ट लक्षात येते. मोसुलच्या लोकांच्या दृष्टीने ते ढिगारे मुके नव्हते. हजरत इब्राहिम (अलैहिस्सलाम) यांच्याशी वाद घालणाऱ्या ज्या बादशाहाचा पवित्र कुरआनात नाव न घेता उल्लेख येतो, त्याला तफसीरकारांनी नमरूद म्हटले आहे. स्थळाच्या नावातच ती आठवण जपलेली होती.

शिळा वजनाने अवाढव्य होत्या. त्यामुळे कित्येकींची मागची बाजू करवतीने कापून त्या पातळ करण्यात आल्या. पुढे फुगविलेल्या कातडी पखालींच्या तराफ्यांवरून त्या तैग्रिसमधून बसऱ्यापर्यंत आणि तेथून जहाजाने मुंबईला आल्या. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्याआधी लंडनला जाणारा माल मुंबईत उतरवून केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाई. अशा रीतीने असीरियाचा इतिहास लंडनच्या आधी मुंबईच्या गोदीत उतरला.

यामागे ईस्ट इंडिया कंपनीचे जाळे होते. बगदादमधील ब्रिटिश प्रतिनिधी हेन्री रॉलिन्सन हा मूळचा कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी. इराणमधील बेहिस्तून येथील कड्यावरचा त्रैभाषिक लेख उतरवून घेण्याचे काम त्याने केले. १८४७ मध्ये त्या कड्याच्या सर्वांत अवघड भागावर चढून लेखाचे ठसे घेतले ते मात्र एका कुर्द मुलाने. त्याचे नाव इतिहासाने नोंदविले नाही.

मुंबईत पेट्या आल्या तेव्हा त्यांतील काही उघडण्यात आल्या आणि त्यांतील वस्तू लोकांना दाखविण्यात आल्या. परवानगीवाचून पेट्या उघडल्या व काही वस्तू गहाळ झाल्या, अशी तक्रार लेयार्डने पुढे केली. शाल्मनेसर तिसरा याचा प्रसिद्ध काळा स्तंभ डिसेंबर १८४६ मध्ये सापडला होता; तोही मुंबईत लोकांनी पाहिला. १८४८ मध्ये ‘जमना’ नावाच्या जहाजातून तो लंडनकडे निघाला. वाटेत वादळाने जहाजाचे नुकसान झाले, श्रीलंकेच्या किनाऱ्यावर आसरा घ्यावा लागला आणि अखेर स्तंभ ब्रिटिश संग्रहालयात पोहोचला.

काही शिळा मुंबईतच राहिल्या. १८०४ मध्ये स्थापन झालेल्या लिटररी सोसायटीतून पुढे आलेली रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा टाउन हॉलमध्ये होती. तेथील प्राचीन वस्तूंबरोबर या शिळा नंतर संग्रहालयात आल्या. निमरूदच्या इतर शिळा लंडन, न्यूयॉर्क, कोपनहेगन अशा अनेक शहरांत विखुरल्या. काही तर अमेरिकन मिशनऱ्यांनी आपल्या देशातील महाविद्यालयांना पाठविल्या. ज्या काळात त्या मुंबईत उतरल्या, त्या काळात त्यांवरील लेख कोणालाही नीट वाचता येत नव्हता. १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने चार अभ्यासकांना एकाच असीरियन लेखाचे स्वतंत्र भाषांतर करावयास सांगितले. चारही भाषांतरे परस्परांशी पुष्कळ जुळली आणि कीलाक्षरी लिपी उलगडली असल्याचे मान्य झाले.

सीमाभागातील वाचकाला ही कथा परकी वाटू नये. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातील, इ.स. १२०४ चे बेळगावचे दोन जैन शिलालेख आज ब्रिटिश संग्रहालयात आहेत. निमरूद आणि बेळगाव या दोन्ही ठिकाणचे दगड एकाच साम्राज्याच्या वाटेने गेले. बेळगावचा लेख पाहण्यासाठी बेळगावच्या विद्यार्थ्याला लंडनला जावे लागावे, यातील खंत मोसुलचा विद्यार्थी सहज समजू शकेल.

इब्रतीची परंपरा

येथे एक प्रश्न वर्गात हमखास विचारला जातो. मूर्ती आणि चित्रे कोरलेले दगड जपणे मुस्लिम विद्यार्थ्याला शोभते का? या प्रश्नाला टाळून पुढे जाणे योग्य नाही. त्याचे उत्तर मुस्लिम विद्वत्तेच्या इतिहासातच उपलब्ध आहे.

पूर्वीच्या लोकांचा शेवट काय झाला हे पृथ्वीवर फिरून पाहावे, असे आवाहन पवित्र कुरआनात अनेक ठिकाणी आले आहे. सूरह रूममधील नववी आयत त्यांपैकी एक. पाहण्यासाठी अवशेष शिल्लक असावे लागतात, हे उघड आहे. हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी सातव्या शतकात इजिप्त जिंकला. पिरॅमिड व स्फिंक्स त्यानंतरही जागच्या जागी उभे राहिले. त्यांची पूजा कोणी मुसलमान करीत नव्हता. ते पाहून विचार करणारे मात्र पुष्कळ होते.

अशा विचारवंतांत अब्दुल लतीफ अल्‌-बगदादी (११६२ ते १२३१) यांचे स्थान मोठे आहे. बगदादमध्ये जन्मलेले हे वैद्य व विद्वान ज्ञानाच्या शोधात मोसुललाही राहिले होते. पुढे इजिप्तमध्ये त्यांनी अल्‌-अझहरमध्ये अध्यापन केले आणि १२०० च्या सुमारास पाहिलेल्या इजिप्तचे वर्णन लिहिले. त्यांच्या ग्रंथाच्या नावातच ‘इतिबार’ हा शब्द आहे. इब्रत, म्हणजे पाहून बोध घेणे, याच धातूचा तो शब्द होय. पिरॅमिडची मापे, दगडांचे सांधे, मेम्फिसचे भग्नावशेष यांची त्यांनी बारकाईने नोंद केली. स्फिंक्सच्या चेहऱ्यातील प्रमाणबद्धता हे त्यांना सर्वांत मोठे आश्चर्य वाटले.

अवशेष जपण्याची त्यांची कारणे आजच्या अध्यापकानेही लक्षात ठेवावीत अशी आहेत. प्राचीन अवशेषांवरून काळाचा क्रम लावता येतो. धर्मग्रंथांत उल्लेखिलेल्या लोकांची साक्ष त्यांतून मिळते. आणि पूर्वजांची विद्या किती पुढारलेली होती हे त्यांवरून कळते. म्हणून पूर्वीचे राजे शत्रूंचेही अवशेष राखीत, असे ते सांगतात. गुप्तधनाच्या लोभाने पुतळे फोडणाऱ्यांवर त्यांनी कठोर टीका केली. सुलतान सलाहुद्दीन यांचा पुत्र अल्‌-अझीझ उस्मान याने तिसरा पिरॅमिड पाडण्याचा प्रयत्न केला होता. महिनोन्‌महिने खपूनही मजुरांना त्याचा थोडासाच भाग काढता आला, हेही त्यांनी नोंदविले. स्वधर्मीय सत्ताधीशाची चूक लिहून ठेवण्यास ते कचरले नाहीत.

याच विद्वानाने दुष्काळात मेलेल्यांच्या हाडांचे ढीग पाहून खालचा जबडा एकाच हाडाचा असतो, हे सांगितले आणि गॅलेनचे मत दुरुस्त केले. हाड असो वा दगड, ग्रंथात लिहिलेले प्रत्यक्षाशी ताडून पाहण्याची त्यांची वृत्ती एकच होती.

ही परंपरा पुढेही खंडित झाली नाही. इजिप्तमध्ये १८३५ मध्ये प्राचीन वस्तू देशाबाहेर नेण्यास बंदी घालण्यात आली. या प्रयत्नांत रिफाआ अल्‌-तहतावी यांचा वाटा होता. अहमद कमाल (१८५१ ते १९२३) यांनी प्राचीन इजिप्शियन भाषेचा २२ खंडांचा कोश तयार केला. इस्तंबूलमध्ये उस्मान हमदी बे यांच्या पुढाकाराने १८८४ चा कायदा झाला आणि लेयार्डच्या काळासारखी मोकळी निर्यात कायद्याने बंद झाली.

२०१४ नंतर

निमरूदच्या उत्तरेस, आजच्या मोसुलमध्येच प्राचीन निनवे आहे. हजरत युनुस (अलैहिस्सलाम) यांची कौम तीच, असे परंपरा मानते. संकट दिसू लागताच जिने इमान आणले आणि जी वाचली, अशी ती वस्ती म्हणून पवित्र कुरआनात तिचा उल्लेख आहे. तेथील नबी युनुस मशीद २४ जुलै २०१४ रोजी ‘दाइश’ने सुरुंगाने उडविली. मार्च २०१५ मध्ये निमरूदवर यंत्रे चालविण्यात आली आणि एप्रिलमध्ये वायव्य राजवाडा स्फोटाने उद्ध्वस्त केल्याचे चित्रण त्यांनीच प्रसिद्ध केले. मशीद आणि मूर्ती या दोहोंना एकच सुरुंग लावणाऱ्यांचा हेतू धर्मरक्षणाचा नव्हता, हे यावरून स्पष्ट व्हावे. जे दगड विकता येण्याजोगे होते ते त्यांनी काळ्या बाजारातही नेले.

कैरोच्या अल्‌-अझहरने २०१५ मध्ये या विध्वंसाचा निषेध करून तो शरीयतीनुसार निषिद्ध असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सीरियातील पाल्मायराचे पुरातत्त्वज्ञ खालिद अल्‌-असद यांची हत्या झाली. ऐंशी ओलांडलेल्या या विद्वानाने आयुष्य त्या अवशेषांच्या अभ्यासात घालविले होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये निमरूद परत मिळाल्यावर तेथे प्रथम पोहोचून नुकसानीची नोंद करणाऱ्यांत मोसुलच्या पुरातत्त्वज्ञ लैला सालेह होत्या. फुटलेल्या शिळांचे तुकडे गोळा करून, क्रमांक देऊन जुळविण्याचे काम त्यानंतर इराकी तज्ज्ञांनी हाती घेतले.

आता एका अवघड मुद्द्याला सामोरे जावे लागते. निमरूदहून शिळा नेल्या गेल्या हा अन्याय होता आणि त्या नेल्या गेल्या म्हणून वाचल्या हेही खरे आहे. पहिली गोष्ट सांगून दुसरी लपविणे किंवा दुसरीच्या आधारे पहिलीचे समर्थन करणे, दोन्ही इतिहासाला मान्य नाही. ज्यांच्याकडे आज या शिळा आहेत त्यांच्यावर त्या जपण्याची, अभ्यासास खुल्या ठेवण्याची आणि मोसुलचे नाव सांगण्याची जबाबदारी आहे, एवढे मात्र निर्विवाद म्हणता येईल.

अध्यापकांसाठी

मुंबईला सहल नेणे प्रत्येक महाविद्यालयाला शक्य नसते. विजापूरला गोल गुंबजासमोरच्या नगारखान्यातील संग्रहालय सीमाभागाला अधिक जवळ आहे. तेथे अरबी, फारसी, कन्नड व संस्कृत शिलालेख एकत्र पाहावयास मिळतात. आणि कणकुंबी-खानापूरच्या विद्यार्थ्याला तर आपल्या तालुक्यातही सुरुवात करता येईल.

दगड वाचण्याची रीत सर्वत्र एकच आहे. दगड कोणता व तो कोठला. आकृती किती व कोणत्या क्रमाने. लेख आहे का, कोणत्या लिपीत. कोणी, कोणासाठी कोरविला. तो मूळ जागी आहे की हलविला गेला. आणि त्यावर कोणाचे म्हणणे नाही, हे सहा प्रश्न विद्यार्थ्यांना वहीत लिहून द्यावेत. वीरगळ सामान्यतः खालून वर वाचायचा असतो. खालच्या चौकटीत लढाई व वीराचा मृत्यू, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत देवाची आराधना आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. तो वीर गाईगुरांसाठी लढला की राजासाठी, हे खालची चौकट पुष्कळदा सांगते. निमरूदच्या शिळेवर राजा आहे, वीरगळावर पुष्कळदा गावचा साधा माणूस आहे. हा फरक विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढला तर सहलीचा खर्च न करताही इतिहासाचा एक मोठा धडा पूर्ण होईल.

अशा नोंदी छायाचित्रांसह महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवल्यास रस्ता रुंदीकरणात किंवा बांधकामात एखादा दगड नाहीसा झाला तरी त्याची साक्ष उरेल. वीरगळ कोणत्या समाजाचा, हा प्रश्न येथे गौण आहे. अल्‌-बगदादी यांनी फिरऔनांच्या अवशेषांची मापे घेतली ती ते आपले पूर्वज म्हणून नव्हे, तर ज्ञान म्हणून.

समारोप

निमरूदच्या शिळा जिंकणाऱ्या राजाने स्वतःच्या गौरवासाठी कोरविल्या. साम्राज्याच्या जहाजांनी त्या मुंबईला आणल्या आणि अतिरेक्यांनी त्यांच्या मूळ घराचा नाश केला. यांपैकी कोणालाही त्यांचा खरा वारस म्हणता येणार नाही. जो त्यांच्यासमोर उभा राहून त्या वाचतो आणि त्यातून इब्रत घेतो तोच त्यांचा वारस होय. बगदादच्या एका अध्यापकाने आठशे वर्षांपूर्वी हे काम इजिप्तमध्ये केले. ते काम सीमाभागातील महाविद्यालयांच्या अध्यापकांनाही आपल्या गावच्या वेशीवरील दगडापासून सुरू करता येण्यासारखे आहे.